चौकटीत न मावणारी चतुर्थी

२०२४ साली २२ जुलै ते २ सप्टेंबर या काळात उज्जैनमध्ये महाकालाच्या सात सवाऱ्या, म्हणजे पालखीच्या मिरवणुका, निघाल्या, दर सोमवारी एक. पहिली निघाली त्या दिवशी गावातल्या बहुतेक घरांत श्रावण लागला होता. मराठी घरांत मात्र ती आषाढ वद्य प्रतिपदा होती आणि श्रावण लागायला ५ ऑगस्ट उजाडावा लागला. शेवटच्या दोन सोमवारी उलटा प्रकार: हिंदी पंचांगात भाद्रपद सुरू झालेला, मराठीत श्रावण अजून चालूच. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि महाराष्ट्रात अमावास्येला, एवढाच हा फरक. महाकालाने दोघांचीही सोय पाहिलेली दिसते. सवाऱ्या उत्तरेच्या श्रावणाबरोबर सुरू होतात आणि मराठी श्रावण संपेपर्यंत चालतात. ज्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, तिथे असे घडण्यात नवल ते काय?

आता समजा, या सवाऱ्यांचे वेळापत्रक दाखवणारे वेब ॲप्लिकेशन कुणाला बनवायचे आहे. मोबाइलवर उघडेल, भाषा बदलता येईल, तारखेवर बोट ठेवले की त्या दिवसाची माहिती दिसेल, असे साधेसे काम. हे काम हाती घेणाऱ्या बहुतेकांकडे उत्तर आधीच तयार असते. फ्रेमवर्क घ्या, त्यातला तयार कॅलेंडर कंपोनंट उचला, थीमचा रंग भगवा करा, भाषांतराची फाइल जोडा, झाले. मांडणीचा प्रश्न आता उरलेलाच नाही, तो फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनी केव्हाच सोडवून ठेवला आहे, मजकूर कोणत्याही भाषेतला असो, चौकट तीच राहते. हे मत नवशिक्यांचे असते तर सोडून देता आले असते. पण ते प्रकल्पाचे नियोजन करणारे, निविदा लिहिणारे आणि अंदाजपत्रक काढणारेही मानतात, आणि म्हणूनच मांडणीच्या कामासाठी वेगळा वेळ कुणी धरत नाही. या मताला उत्तर देणे भाग आहे.

आधी त्याची खरी बाजू. सीएसएसची, म्हणजे वेबच्या कॅस्केडिंग स्टाइलशीटची, कल्पना हाकोन विउम ली यांनी १९९४ साली मांडली. त्यानंतरची निदान पंधरा वर्षे वेबवर तीन रकाने एका उंचीचे करणे हेही कसबाचे काम होते. टेबलात टेबल कोंबून पाने रचली जात, नंतर फ्लोटच्या युक्त्या आल्या, आणि एका ब्राउझरमध्ये जमलेली मांडणी दुसऱ्यात कोलमडून पडे. २०११च्या ऑगस्टमध्ये मार्क ओट्टो आणि जेकब थॉर्नटन यांनी ट्विटरमध्ये तयार केलेले बूटस्ट्रॅप सर्वांसाठी खुले झाले. त्यातल्या बारा रकान्यांच्या ग्रिडने जगभरातल्या छोट्या कंपन्यांचे शेकडो तास वाचवले. उज्जैन-इंदूरसारख्या ठिकाणी दोन-तीन जणांच्या बळावर चालणाऱ्या कंपन्या आज चारचौघांसारखी दिसणारी पाने देऊ शकतात, त्याचे श्रेय अशाच फ्रेमवर्कांना आहे. २०१७ साली सीएसएस ग्रिड बहुतेक ब्राउझरांत एकाच महिन्यात आली आणि टेलविंड या फ्रेमवर्कनेही त्याच वर्षी पाऊल टाकले. साधने उत्तम आहेत, याबद्दल दुमत नाही.

वाद आहे तो डिफॉल्टबद्दल. डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी, कुठला तरी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला निर्णय. तो मजकूर इंग्रजी होता.

टेलविंडमध्ये मोठ्या मथळ्यांसाठी जे आकार दिले आहेत, त्यांत ४८ पिक्सेल आणि त्याहून मोठ्या अक्षरांची लाइन-हाइट चक्क १ आहे. म्हणजे ४८ पिक्सेलच्या अक्षराला ४८ पिक्सेल उंचीची ओळ. बूटस्ट्रॅपचे मथळे १.२ वर आहेत. रोमन लिपीला हे शोभते, मथळा घट्ट आणि ठसठशीत दिसतो. आता त्याच जागी 'चतुर्थी' लिहून पाहा. शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि तिच्या शेजारी रफार, खाली 'तु'चा उकार. 'मुहूर्त' लिहा: खाली एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ उकार, वर रफार. हे दुर्मीळ शब्द नव्हेत. चतुर्थी महिन्यातून दोनदा येते आणि मुहूर्ताशिवाय उज्जैनमधल्या कुठल्याही धार्मिक संकेतस्थळाचे पान हलत नाही. मथळा दोन ओळींत गेला की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात जाऊन रुततो. त्या कप्प्यावर ओव्हरफ्लो लपवण्याचा नियम असेल (आणि कार्ड नावाच्या कंपोनंटमध्ये तो बहुधा असतोच, कोपरे गोल दिसावेत म्हणून) तर शेवटच्या ओळीचे उकार सरळ छाटले जातात. वाचणारा अंदाजाने वाचतो. तो वाचतो म्हणून बनवणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे.

मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्ता' हा फॉन्ट केला तेव्हा त्याच्या स्वतःच्या मापांतच ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून अधिक धरली. अक्षरे घडवणाऱ्याने जागा मागून ठेवली आहे आणि पान मांडणारा ती एका शब्दात नाकारतो, कारण फ्रेमवर्कमध्ये तो क्लास तयार होता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हा फॉन्टवाल्यांचा प्रश्न आहे, त्यांनी अक्षरे आटोपशीर करावीत. तसे करूनही झाले आहे. गुगलच्या नोटो फॉन्टांमध्ये देवनागरीची 'यूआय' नावाची एक वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यात उंचीची मापे आखडून घेतली होती, कारण मोबाइलवरची बटणे आणि पट्ट्या रोमन लिपीच्या मापाने आधीच आखल्या गेल्या होत्या आणि त्यांत देवनागरी बसवायची होती. म्हणजे चौकट मोठी करण्याऐवजी वेलांट्या दाबल्या. तडजोड म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण 'चौकट भाषेची पर्वा करत नाही' या दाव्याविरुद्ध याहून थेट पुरावा कोणता हवा? चौकटीला इंग्रजीचे माप होते म्हणून तर लिपी आखडावी लागली.

फॉन्टच्या बाबतीत आणखी एक घोळ फ्रेमवर्कच्या भरवशावर राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तयार थीममध्ये फॉन्टांची जी यादी असते ती रोबोटो, हेल्वेटिका, एरियल अशी असते. यांपैकी कशातच देवनागरी नाही. मग ब्राउझर यंत्रावर जे सापडेल ते उचलतो. जुन्या विंडोजवर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल, विंडोज ८ पासून निर्मला, अँड्रॉइडवर नोटो. तिघांची उंची वेगळी, जाडी वेगळी, शिरोरेषेची पातळी वेगळी. एकाच पानावर आकडे रोबोटोत आणि अक्षरे निर्मलात असली की 'भस्म आरती 4 वा.' यातला रोमन आकडा शेजारच्या अक्षरांशी फटकून वागतो. आणि आकड्यांचीही गंमत आहे. ब्राउझरला भाषा मराठी सांगितली तर तो संख्या देवनागरीत छापतो, हिंदी सांगितली तर रोमन आकड्यांत. दोन्ही भाषांची तीच लिपी, पण आकडे निराळे. उज्जैनमध्ये हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचे पान करणाऱ्याच्या तिकिटाच्या तक्त्यातली रुंदी भाषा बदलताच बदलते, आणि त्याने रकान्याला पिक्सेलमध्ये रुंदी दिली असेल तर शेवटचा आकडा खालच्या ओळीत घसरतो.

बटणांची कथा तर याहून करमणुकीची. रिॲक्टवाल्यांमध्ये फार वापरल्या जाणाऱ्या एमयूआय या संचात बटणावरचा मजकूर मुळातच मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, करण्याचा नियम आहे, आणि कॅपिटल अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लेटर-स्पेसिंग थोडे वाढवलेले आहे. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे पहिला नियम निमूटपणे वाया जातो. दुसरा मात्र काम करतो. अक्षरांमध्ये फट पडते आणि शिरोरेषा तुटते. 'आरक्षण करा' या बटणावर चार-पाच तुटक रेषा दिसतात. शाळेत शिरोरेषा न देणाऱ्या मुलाला बाई निदान एकदा टोकतात तरी, इथे कुणी टोकत नाही. ज्या कारणासाठी फट ठेवली ते कारणच या लिपीत नाही, तरी फट उरली आहे. डिफॉल्ट कसे भाषेसकट येतात त्याचा हा अगदी लहान नमुना आहे.

गुगलच्या मटेरियल डिझाइनची मार्गदर्शिका २०१४ पासून निघत आली. तिच्यात लिपींचे तीन गट पाडले होते: इंग्रजीसारख्या, उंच आणि दाट. हिंदी 'उंच' या गटात होती आणि या गटासाठी ओळीची उंची वाढवावी असे तिथेच सांगितले होते. फ्रेमवर्क आणि डिझाइन सिस्टीम करणाऱ्यांनी 'आमची मापे सर्व लिपींना चालतील' असा दावा केलेला नाही. तो दावा त्यांच्या भक्तांचा आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे भारतीय लिपींच्या मांडणीच्या गरजा सांगणारा स्वतंत्र दस्तऐवज आहे. तो वाचला जात नाही, कारण तयार क्लास वापरायला तो वाचावा लागत नाही.

इथपर्यंतचा वाद अक्षरांचा होता. त्यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, चार मापे बदलू आणि मोकळे होऊ. म्हणून उज्जैनचा खरा प्रश्न समोर ठेवायला हवा. तो आहे पंचांगाचा.

कुठल्याही फ्रेमवर्कमधला कॅलेंडर कंपोनंट एक गोष्ट गृहीत धरतो: दिवस म्हणजे एक चौकोन आणि एका चौकोनात एक तारीख. सात रकाने, पाच-सहा ओळी, सगळे चौकोन सारखे. पंचांगात तिथी चौकोनाला बांधलेली नसते. ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर चालते, साधारण १९ ते २६ तासांत संपते, आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची मानली जाते. एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, तेव्हा ती दोन दिवस असते. एखादी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधी संपते, तेव्हा तिचा क्षय होतो आणि तिला स्वतःचा दिवसच मिळत नाही. २०२४च्या सवाऱ्यांतला शेवटचा सोमवार घ्या. २ सप्टेंबरला पहाटे अमावास्या लागली आणि ३ तारखेच्या सूर्योदयानंतर संपली. सोमवारही अमावास्या, मंगळवारच्या सूर्योदयालाही अमावास्याच. तयार कंपोनंटमध्ये हे दाखवायचे तर दोन चौकोनांत तोच शब्द दोनदा लिहावा लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते छपाईत चूक झाली. क्षय तिथी आली की उलट पंचाईत: एका चौकोनात दोन नावे आणि त्यांच्या वेळा. चौकोनाला ठरावीक उंची दिलेली, मजकूर न मावला तर तीन टिंबे देऊन कापण्याचा नियम. कापला जातो नेमका तोच भाग, ज्यासाठी माणसाने ते पान उघडले होते.

२०२३चा श्रावण याहून अवघड होता. त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आला. मराठी पंचांगात हिशेब सरळ: आधी अख्खा अधिक श्रावण, मग अख्खा निज श्रावण. पौर्णिमान्त पंचांगात मात्र आधी श्रावणाचा कृष्ण पक्ष, मग मधोमध संपूर्ण अधिक महिना, आणि त्यानंतर उरलेला शुक्ल पक्ष. महिन्याच्या पोटात महिना. महाकालाच्या सवाऱ्या त्या वर्षी १० जुलैपासून ११ सप्टेंबरपर्यंत चालल्या, दहा सोमवार. महिन्याच्या ड्रॉपडाउनमध्ये बारा नावे ठेवून बसलेल्या ॲप्लिकेशनने हे कुठे दाखवावे? आणि २६ ऑगस्ट २०२४ ची जन्माष्टमी मराठी भाषा निवडली की श्रावण वद्य अष्टमी आणि हिंदी निवडली की भाद्रपद कृष्ण अष्टमी. भाषांतराच्या फाइलीत 'भाद्रपद' या शब्दासमोर मराठीत काय लिहिणार, 'श्रावण'? पंधरवड्यापुरते? इथे शब्दांना शब्द जोडणारी फाइल हतबल आहे, कारण भाषा बदलताना गणनाच बदलते आणि तिच्याबरोबर पानाची रचनाही.

यावर एक हुशार उत्तर दिले जाते: ब्राउझरमध्ये भारतीय कॅलेंडर आधीपासून आहे, फक्त एक पर्याय निवडायचा. आहे खरे. पण ते भारत सरकारचे राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे, मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेले आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले. त्यात महिने सूर्याचे आहेत, तिथी नाही, पक्ष नाही, अधिक महिना नाही. त्या पर्यायाच्या भरवशावर चतुर्थी शोधणारा उपाशीच राहील. याच सुधारणेतून जन्मलेल्या राष्ट्रीय पंचांगाने गणितासाठी जो मध्यवर्ती बिंदू धरला त्याचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेचे, ८२ अंश ३० कला, आणि अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचे. जुन्या भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरून जात असे, तो मान आता प्रमाणवेळेकडे गेला. पण सूर्योदय स्थानिकच राहिला. उज्जैनची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे आहे, कोलकात्याची पुढे. तेव्हा एकाच तारखेच्या चौकोनात उज्जैनला एक तिथी आणि पूर्वेला दुसरी, असे घडू शकते. पंचांगाच्या पानावर गावाची निवड सेटिंगच्या तिसऱ्या पातळीवर दडवून चालणार नाही, ती महिन्याच्या नावाशेजारी हवी. ही मांडणीची गोष्ट आहे, आणि कोणतेही फ्रेमवर्क ती आपणहून सांगणार नाही.

उज्जैनला याची जाण नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जयसिंगाने बांधलेल्या इथल्या वेधशाळेची १९२३ च्या सुमारास माधवराव शिंद्यांच्या राजवटीत दुरुस्ती झाली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले, पंचांगाच्या गणितात आयुष्य घातलेला माणूस. त्याच आवारात २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ८५ फूट उंच मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळ सुरू झाले. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत दिवस, त्याचे तीस मुहूर्त. त्यामागच्या राजकारणावर आणि 'वैदिक' या विशेषणावर वाद घालायला भरपूर जागा आहे, तो घालावाही. पण तबकडीच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करावी लागते. घड्याळ करणाऱ्यांनी तीस भागांची गोष्ट बारा भागांच्या तबकडीत बसवायचा प्रयत्न केला नाही. आधी काय दाखवायचे ते ठरले, मग तबकडी.

छापील दुनियेतले उदाहरण तर प्रत्येक मराठी घरातल्या भिंतीवर आहे. जयंत साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केले. त्यात वार डावीकडे वरपासून खाली लिहिलेले असतात आणि तारखा उभ्या उतरतात. इंग्रजी वळणाच्या डेट पिकरमध्ये वार आडवे असतात. फरक वरवरचा वाटतो, पण सवारीच्या संदर्भात पाहा: कालनिर्णयाच्या मांडणीत महिन्याचे सगळे सोमवार एका आडव्या ओळीत येतात. सोमवारचा उपास धरणाऱ्या बाईला एका नजरेत सगळा महिना कळतो. शिवाय दोन दिवस चालणारी तिथी एकाखाली एक अशा दोन चौकोनांवर उभी पट्टी ओढून दाखवता येते. आणि चौकोन लहान असूनही त्यात तिथी, नक्षत्र, सण, उपास हे सगळे मावते, कारण कुठला मजकूर मोठा आणि कुठला बारीक हे मराठी घराच्या गरजेवरून ठरवले आहे. पन्नास वर्षे घरोघर वापरून पारखलेली ही मांडणी सोडून परक्या गावच्या डेट पिकरला 'सोपा इंटरफेस' म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता खर्चाचा मुद्दा, जो प्रत्येक बैठकीत अखेरीस काढला जातो. वेगळी मांडणी करायला वेळ नाही, पैसे नाहीत, सिंहस्थ तोंडावर आला आहे. तर हिशेब करूनच पाहू. सीएसएस ग्रिडमध्ये सात ओळी सांगायच्या आणि आपोआप भरण्याची दिशा उभी करायची, एवढ्या दोन नियमांत कालनिर्णयासारखे कॅलेंडर उभे राहते. दोन दिवसांची तिथी दाखवायला त्या पट्टीने दोन ओळी व्यापाव्यात असा एक नियम. फक्त शनिवार-रविवारच्या सांध्यावर पट्टी तोडून पुढच्या रकान्यात जोडावी लागते, तेवढे कष्ट आहेत. हिंदी आणि मराठी पानांवर लाइन-हाइट वाढवायला भाषेवर चालणारा एक सिलेक्टर पुरतो. लेटर-स्पेसिंग शून्य करायला एक ओळ. बटणाला आणि कार्डाला ठाम उंचीऐवजी किमान उंची द्यायची, आणि ती अक्षराच्या मापात. फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्ट आधी लिहायचा. बूटस्ट्रॅपमध्येही ही मापे व्हेरिएबलमध्ये ठेवलेली आहेत, टेलविंडमध्ये थीमच्या फाइलीत. बदलायला बंदी कुणीच घातलेली नाही. महाग आहे ते नंतर करणे. दीडशे पाने तयार झाल्यावर चतुर्थीचा उकार कापला जातो हे लक्षात आले, की प्रत्येक कार्डाची उंची वाढते, उंची वाढली की शेजारची रांग खाली सरकते, आणि मग 'देवनागरीमुळे डिझाइन बिघडते' असा शेरा मारून अक्षरेच लहान केली जातात. मोबाइलवर अकरा-बारा पिक्सेलची देवनागरी वाचण्याची शिक्षा अशी सुरू होते, आणि ती भोगणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या यात्रेकरूंचा वाटा मोठा असतो.

'लोकांना सवय झाली आहे' हा युक्तिवाद सर्वांत आळशी. लोकांना रांगेत आठ तास उभे राहण्याचीही सवय आहे. म्हणून कुणी रांगेची व्यवस्था करणे सोडत नाही. महाकालच्या परिसराचे रूप पालटले, ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचे उद्घाटन झाले, दगडी खांबांच्या अंतरापासून माणसांच्या वाटेपर्यंत सगळ्याचा विचार झाला. पडद्यावरच्या वाटेचा विचार मात्र तयार टेम्पलेटवर सोडून द्यायचा, ही विसंगती आहे.

दुसऱ्या टोकाला एक गट आहे, त्यालाही दोन शब्द. त्यांच्या मते हे सगळे परदेशी फ्रेमवर्कांचे पाप आहे आणि आपले स्वदेशी फ्रेमवर्क हवे. हा पवित्रा ऐकायला बरा वाटतो, पण त्याने काही सुटत नाही. देवनागरीत नाव ठेवलेल्या फ्रेमवर्कमध्येही जर सात आडवे रकाने आणि ठाम उंचीचे चौकोन असले तर चतुर्थी तिथेही अडकेल. ग्रिड, भाषेवरचा सिलेक्टर, फॉन्टची मापे जुळवणारे नियम हे सगळे आजच्या ब्राउझरांत हजर आहे. आणि ते आणण्यात देशोदेशीच्या, अरबी, जपानी, थाई लिपीवाल्यांच्या तक्रारींचा मोठा हात आहे. तक्रार करणाऱ्यांत मराठी आवाज किती, हा प्रश्न स्वदेशीवाल्यांनी स्वतःला विचारावा.

सिंहस्थ २०२८ साली आहे. २०१६ च्या सिंहस्थात २२ एप्रिल ते २१ मे असा महिनाभर क्षिप्रेच्या घाटांवर माणसांचा पूर होता. पुढच्या वेळी त्यांतले बहुतेक हातात मोबाइल घेऊन येतील. धर्मशाळेची खोली, स्नानाच्या तिथी, बंद रस्ते, हरवलेल्या माणसाची नोंद, सगळे पडद्यावरून. या कामाच्या निविदा लिहिताना 'रिस्पॉन्सिव्ह डिझाइन' आणि 'बहुभाषिक' हे दोन शब्द घालून अधिकारी मोकळे होऊ शकतात, आणि कंत्राटदार तयार टेम्पलेट दाखवून दोन्ही अटी पूर्ण केल्याचे सिद्धही करू शकेल. त्याऐवजी चाचणीचा मजकूर निविदेतच द्यावा. पहिला नमुना इंग्रजीत बघूच नये. मथळ्यात 'चतुर्थीचा मुहूर्त', बटणावर 'आरक्षण करा', चौकोनात २ आणि ३ सप्टेंबर २०२४ ची अमावास्या, महिन्याच्या यादीत २०२३ चा श्रावण आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ, तोही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही गणनांनी. पडदा पाच-साडेपाच इंचांचा, स्वस्त अँड्रॉइडचा, आणि अक्षरांचा आकार फोनच्या सेटिंगमध्ये एक पायरी वाढवलेला, कारण यात्रेला येणाऱ्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये नातवंडांनी तो वाढवूनच दिलेला असतो. एवढ्यावर ज्याचे पान टिकेल त्याला काम द्यावे. फ्रेमवर्क त्याने कुठलेही वापरले तरी हरकत नाही.